भरल्या बांधीत युरिया फेकणे बंद करा!



खरीप आला की युरियासाठी पहाटेपासून रांगा लागतात, गोणीसोबत नको असलेली औषधाची बाटली गळ्यात मारली जाते, आणि तरीही ‘साठा संपला’ हे ऐकून परतावे लागते. याची चीड तुम्हाला आहे तशी आम्हालाही आहे. ती पटवून द्यायला हे पत्रक काढलेले नाही. प्रश्न पुढचा आहे. एवढा अपमान गिळून आणलेल्या गोणीचे आपण करतो काय? तुडुंब भरलेल्या बांधीत मूठमूठ फेकतो! अशा युरियातले जेमतेम एक तृतीयांश नत्र धानाला लागते. म्हणजे तीन गोण्यांचे पैसे मोजायचे आणि पिकाला एकच द्यायची. उरलेल्या दोन दुकानदाराने लांबवल्या असत्या तर आपण मोर्चा काढला असता.

नत्र जाते कुठे, हे नीट समजून घ्या. पाण्यात पडलेल्या युरियाचे एक-दोन दिवसांतच अमोनियम होऊ लागते. बांधीतले शेवाळ भर उन्हात पाण्यातला कार्बन डायऑक्साइड शोषते, त्याने पाणी अल्कधर्मी होते आणि नत्र अमोनिया वायू होऊन उडते. त्यातच जोराचा पाऊस आला तर धुऱ्यावरून फुटलेले पाणी विरघळलेले खत नाल्यात नेऊन सोडते. ‘आमचा युरिया निमकोटेड आहे,’ असे म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की निंबोळीचे आवरण अमोनियमचे नायट्रेट होणे लांबवते; उडणारा अमोनिया ते अडवत नाही. खताची जागा मुळांपाशी, चिखलात आहे. डॉ. नारायण सावंत यांच्या धान लागवडीच्या चारसूत्री पद्धतीत म्हणूनच चार चुडांच्या मधोमध २.७ ग्रॅमची युरिया-डीएपी ब्रिकेट, म्हणजे खताची गोळी, सात ते दहा सेंटीमीटर खोल खोचतात.

‘हेक्टरी ६२,५०० गोळ्या खोचायला मजूर कुठून आणायचे?’ हा आक्षेप रास्त आहे. ज्याला जमत नाही त्याने ब्रिकेट वापरू नये. पण बांधीतले पाणी काढून ओल्या चिखलावर युरिया द्यायला, तो चिखलात कालवायला आणि मग पाणी घ्यायला कोणती फौज लागते? ‘पाणी हटले की धान मरते,’ हा तर निव्वळ समज आहे. रोवणीनंतर एक-दोन आठवडे तण दाबण्यासाठी पाणी ठेवा, फुलोऱ्याच्या आगेमागे पाच सेंटीमीटर ठेवा. एरवी बांधीत छिद्रे पाडलेला पाइप गाडा आणि त्यातली पातळी जमिनीखाली पंधरा सेंटीमीटर गेली की पाणी द्या. आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने रुजवलेल्या या पद्धतीने उत्पादन न घटता तीस टक्क्यांपर्यंत पाणी वाचू शकते. हेक्टरभर बांधीत पाच सेंटीमीटर पाणी म्हणजे पाच लाख लिटर! उन्हाळी धानाला कालव्याच्या शेपटाकडचा शेतकरी ज्या पाण्याची वाट पाहतो, ते हेच.

सर्वांत चीड आणणारा युक्तिवाद मात्र वेगळाच आहे: ‘शेजाऱ्याची बांधी माझ्यापेक्षा हिरवी दिसते.’ या चढाओढीपायी गरज नसताना आणखी एक मात्रा पडते. काळपट हिरव्या, लुसलुशीत धानावर तुडतुडा तुटून पडतो, करपा पसरतो, आणि लोंबी भरताना सारे पीक लोळते. मग औषधाचा खर्च वेगळाच. भूक शेजाऱ्याच्या बांधीत बघू नका, आपल्या पानावर बघा. पानांच्या रंगाची पट्टी घ्या, उन्हाला पाठ करून वरच्या पूर्ण उघडलेल्या पानाला लावा. पान फिके असेल तरच युरिया द्या.

पाणी बांधीतून बांधीत जाते, त्यामुळे एकट्या शेतकऱ्याचे हात बांधलेले असतात, हे मान्य. म्हणून हे काम गावाने करायचे आहे. रोवणीपूर्वी ग्रामसभा बोलवा, एका पाटावरच्या सर्वांनी पाणी काढण्याच्या तारखा ठरवा, प्रत्येक बांधीला स्वतंत्र पाणी घेता यावे म्हणून शेतचाऱ्यांची मागणी लेखी द्या, आणि पाणी काढल्याशिवाय युरियाची गोणी फोडायची नाही असा ठराव करा.