सावकाश परतणारी लय



हृदयाच्या अनियमित ठोक्यांवर उपचार करून घरी परतलेल्या ज्येष्ठांच्या मनात दोन प्रश्न हमखास उभे राहतात. पहिला असा : ‘ॲब्लेशन व्यवस्थित पार पडले असे डॉक्टर म्हणाले, मग तिसऱ्या आठवड्यात पुन्हा धडधड का सुरू झाली? उपचार वाया गेला का?’ दुसरा प्रश्न याच्या अगदी उलट, आणि अधिक जपून हाताळावा असा : ‘आता ठोके नीट पडतात. मग रक्त पातळ करणारी गोळी कशासाठी घ्यायची?’ पहिल्या प्रश्नात अकारण निराशा आहे, तर दुसऱ्यात अकाली निर्धास्तपणा. आजच्या लेखात या दोहोंचा विचार करू.

प्रथम आजार समजून घेऊ. आपल्या हृदयात वर दोन कर्णिका आणि खाली दोन जवनिका असतात. उजव्या कर्णिकेतील ‘सायनस नोड’ नावाच्या इवल्याशा केंद्रातून विद्युतसंदेश निघतो आणि त्याच्या तालावर चारही कप्पे क्रमाने आकुंचन पावतात. ज्येष्ठांमध्ये नेहमी आढळणाऱ्या ‘एट्रियल फिब्रिलेशन’ या विकारात हा क्रम मोडतो. कर्णिका आकुंचन पावण्याऐवजी नुसत्या थरथरत राहतात आणि नाडी कधी भरभर, कधी रेंगाळत, कोणताही ताल न धरता चालते. काहींना छातीत धडधड, दम लागणे, थकवा किंवा चक्कर जाणवते. काहींना मात्र काहीच जाणवत नाही.

खरा धोका या थरथरण्यातून उद्भवतो. डाव्या कर्णिकेला पिशवीसारखा एक लहानसा कोपरा असतो. कर्णिका नीट आकुंचन पावत नसली की तेथे रक्त साचून राहते आणि त्याची गुठळी होऊ शकते. ती गुठळी सुटून मेंदूत पोहोचली तर पक्षाघात होतो. या विकारात पक्षाघाताची शक्यता सुमारे पाचपट वाढते. संधिवाताच्या तापाने हृदयाची झडप अरुंद झालेल्यांमध्ये ती त्याहूनही अधिक असते.

उपचाराचे दोन प्रमुख मार्ग आहेत. ‘कार्डिओव्हर्जन’मध्ये थोडा वेळ गुंगी देऊन छातीवर नियंत्रित विद्युतझटका देतात व लय पूर्ववत करतात. ‘ॲब्लेशन’चा विचार वेगळा आहे. १९९८ मध्ये फ्रान्समधील बोर्दो येथील डॉ. मिशेल हैसागेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की या विकाराला चेतवणारे बेताल ठोके बहुतांशी फुप्फुसांकडून डाव्या कर्णिकेत येणाऱ्या शिरांमधून उगम पावतात. त्यामुळे जांघेतील शिरेतून बारीक नलिका हृदयात नेऊन, या शिरांच्या मुखाभोवती उष्णतेने, अतिशीततेने किंवा विद्युतस्पंदांनी व्रणांचे कडे तयार करतात. शिरेतला बेताल संदेश मग त्या कड्यापाशीच अडतो.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर येथेच आहे. व्रण एका दिवसात पक्का होत नाही. आरंभी त्या जागी सूज असते आणि सुजलेली पेशीजाले चिडखोर असतात. म्हणून पहिल्या दोन-तीन महिन्यांत पुन्हा धडधड होणे, मधूनच ठोका चुकल्यासारखे वाटणे किंवा जुनी अनियमितता काही काळ परतणे हे पुष्कळदा घडते. एवढ्यावरून उपचार फसला असा निष्कर्ष डॉक्टर काढत नाहीत. यशापयशाचे मोजमाप हा काळ उलटल्यावरच होते. विश्रांतीतील नाडी पूर्वीपेक्षा मिनिटाला दहा-पंधरा ठोक्यांनी अधिक राहणे हेही अनेकांत दिसते. कर्णिकेलगतच्या सूक्ष्म मज्जातंतूंवर झालेला तो परिणाम असतो. अर्थात, धडधड झाल्यास ती लपवू नये. कित्येक तास टिकली तर डॉक्टरांना अवश्य कळवावे. औषधात बदल करून किंवा कार्डिओव्हर्जन करून ती आवरता येते. काही रुग्णांना पुढे दुसऱ्यांदा ॲब्लेशन करावे लागते, हेही आधीपासून ठाऊक असलेले बरे.

आता घरी परतल्यानंतरच्या दिवसांविषयी. जांघेत काळेनिळे पडणे व थोडे दुखणे स्वाभाविक आहे. साधारण आठवडाभर भरलेली बादली, धान्याचा डबा, नातवंड यांपैकी काहीही उचलू नये. डॉक्टर अनुमती देईपर्यंत पूजेला किंवा जेवायला मांडी घालून दीर्घकाळ बसणे आणि उकिडवे बसणे टाळावे. घरी भारतीय पद्धतीचे शौचालय असेल तर त्यावर ठेवण्याची खुर्ची आधीच आणून ठेवावी. शौचास जोर करावा लागू नये म्हणून आहारात फळे, भाज्या असाव्यात. जांघेतून रक्त येऊ लागले तर रुग्णाला आडवे करून त्या जागी हाताने घट्ट दाब द्यावा आणि मदत बोलवावी. तेथील गाठ वाढत चालली तर थांबू नये. पहिल्या दिवसांत दीर्घ श्वास घेताना छातीत किंचित टोचू शकते. परंतु तीव्र वेदना, वाढता दम किंवा भोवळ आल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे.

एक सूचना मात्र प्रत्येक घरातल्या निदान दोघांना पाठ असावी. उष्णतेने किंवा शीततेने केलेल्या ॲब्लेशननंतर क्वचित कर्णिकेमागील अन्ननलिकेला इजा होते. ही इजा लगेच नव्हे, तर बहुधा एक ते चार आठवड्यांनी, कधी दोन महिन्यांपर्यंतही, प्रकट होते. त्या काळात ताप, थंडी वाजणे, गिळताना दुखणे, छातीत दुखणे किंवा बोलण्या-चालण्यात बदल दिसला तर ‘हवापालटाचा ताप’ म्हणून घरी औषध घेऊ नये. जेथे ॲब्लेशन झाले तेथेच संपर्क साधावा. अन्य डॉक्टरांकडे जावे लागले तर हृदयाचे ॲब्लेशन झाल्याचे प्रथम सांगावे आणि हृदयतज्ज्ञांचा सल्ला घेतल्यावाचून दुर्बिणीने अन्ननलिकेची तपासणी करू देऊ नये, कारण अशा वेळी ती घातक ठरू शकते.

आता दुसरा प्रश्न. लय सुधारली म्हणून गुठळीचा धोका त्याच दिवशी संपत नाही. कार्डिओव्हर्जननंतर किमान चार आठवडे आणि ॲब्लेशननंतर किमान दोन-तीन महिने रक्त पातळ करणारी गोळी घ्यावीच लागते. त्यापुढे ती चालू ठेवायची की नाही, हे नाडी कशी लागते यावर ठरत नाही. वय, उच्च रक्तदाब, मधुमेह, हृदयाची दुर्बलता, पूर्वीचा पक्षाघात यांसारख्या गोष्टी मोजून डॉक्टर ते ठरवतात. पंच्याहत्तरी ओलांडलेल्या बहुतेकांना ही गोळी पुढेही घ्यावी लागते. यामागचे कारण साधे आहे : ॲब्लेशननंतर येणारी अनियमितता पुष्कळदा जाणवतही नाही. आपल्याला काही वाटत नाही, म्हणजे काही घडत नाही, असे हृदयाच्या बाबतीत म्हणता येत नाही.

गोळीचे काही नियम ध्यानात ठेवावेत. वॉरफरिन किंवा ॲसिनोकुमॅरॉल घेणाऱ्यांनी ‘आयएनआर’ची रक्ततपासणी वेळच्या वेळी करावी. पालक, मेथी यांसारख्या पालेभाज्या सोडण्याची आवश्यकता नाही. मात्र त्यांचे प्रमाण दर आठवड्याला साधारण सारखे असावे. एपिक्साबॅन व डॅबिगॅट्रान दिवसातून दोनदा घेतात. दुपारनंतरची मात्रा विसरण्याची सवय असेल तर डबीवर वार लिहून ठेवावेत. रिव्हॅरोक्साबॅन सामान्यतः जेवणासोबत घेतात. म्हणून एकादशीचा किंवा श्रावणी सोमवारचा उपवास करणाऱ्यांनी ती केव्हा घ्यावी हे डॉक्टरांना आधीच विचारावे. गोळी मात्र उपवासातही चुकवू नये. एखादी मात्रा राहिलीच तर पुढच्या वेळी दोन गोळ्या एकदम घेऊ नयेत. गुडघेदुखीसाठी दुकानातून आणलेली डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन या गोळीसोबत घेतल्यास रक्तस्रावाचा धोका वाढतो. दात काढायचा असला तरी गोळी परस्पर थांबवू नये. दंतवैद्य व हृदयतज्ज्ञ या दोघांनाही विचारावे. काळी शौच, न थांबणारा घोळणा किंवा डोक्याला मार लागणे, यांपैकी काहीही झाले तर त्वरित तपासणी आवश्यक आहे.

चेहरा एका बाजूला वाकडा होणे, एक हात उचलता न येणे, बोबडे किंवा असंबद्ध बोलणे ही पक्षाघाताची लक्षणे होत. ती दिसताच घड्याळ पाहावे आणि १०८ क्रमांकावर दूरध्वनी करावा. गुठळी विरघळवणारे औषध साधारणतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते. रुग्ण कोणती गोळी घेतो आणि शेवटची मात्रा केव्हा घेतली, हेही डॉक्टरांना सांगावे लागते. म्हणून त्याची चिठ्ठी शीतकपाटाच्या दारावर लावून ठेवावी.

लय टिकवण्यासाठी आपल्याही हाती बरेच आहे. ऑस्ट्रेलियातील ॲडलेड येथे स्थूल रुग्णांवर झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, वजन दहा टक्के किंवा त्याहून अधिक घटवून ते टिकवणाऱ्यांना या विकारापासून मुक्त राहण्याची शक्यता सुमारे सहापट असल्याचे दिसले. रक्तदाब आटोक्यात ठेवणे, मद्य वर्ज्य करणे आणि जोरजोरात घोरण्याची सवय असल्यास झोपेतील श्वासरोधाची तपासणी करणे, यांचाही लाभ होतो. चालणे हळूहळू वाढवावे : आरंभी घरातल्या घरात, मग अंगणात, मग बागेपर्यंत.

शुश्रूषा करणाऱ्या मुला-सुनांना आणि जोडीदारांना एक विनंती. सकाळी एकदा, शांत बसवून, मनगटावर अंगठ्याच्या मुळाशी दोन बोटे ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी मोजावी. संख्या व ताल वहीत लिहावा. त्रास झाला तर पुन्हा मोजावे. एरवी दर तासाला मनगट धरणे किंवा घड्याळातले आकडे मोठ्याने वाचून दाखवणे टाळावे. त्याने रुग्णाच्या मनात भीतीच घर करते. उपचारानंतर काही आठवडे थकवा आणि उदासी राहू शकते. ‘आता तर बरे झालात ना’ असे म्हणण्यापेक्षा सोबत दहा मिनिटे चालावे.

पुढच्या तपासणीला जाताना ती वही आणि सर्व औषधे बरोबर न्यावीत. डॉक्टरांना तीन गोष्टी स्पष्ट विचाराव्यात : रक्त पातळ करणारी गोळी कोठवर घ्यायची, लयीची पुढील तपासणी केव्हा, आणि रात्री-अपरात्री त्रास झाल्यास कोणाशी बोलायचे. उत्तरे तेथेच त्याच वहीत लिहून घ्यावीत आणि घरी आल्यावर सर्वांना वाचून दाखवावीत.