टाकोचे कवच आणि ज्वारीची भाकरी

महाविद्यालयाच्या वार्षिकात खाण्यापिण्यावर लिहावे काय, असा प्रश्न काहींना पडेल. परंतु ‘आधी पोटोबा, मग विठोबा’ म्हणणाऱ्या समाजाला पोटोबाचा विचार वर्ज्य नसावा. आणि वर्ध्याला तर तो मुळीच नसावा. १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे मुख्य कार्यालय येथील मगनवाडीत होते. जात्यावरचे पीठ, हातसडीचा तांदूळ, घाणीचे तेल यांचा विचार कुमारप्पांसारख्या अर्थशास्त्रज्ञाने येथेच बसून केला.

आजचे निमित्त मात्र टाकोचे आहे. मक्याच्या पातळ पोळीला दुमडून ती कडक तळतात आणि त्या पोकळीत उसळ, कांदा, कोबी, चटणी भरून खातात. ही तयार कवचे खोक्यांत बंद होऊन मोठ्या शहरांतील दुकानांत मिळतात, घरबसल्याही मागवता येतात. आम्हा तरुणांना त्यांचे कौतुक आहे, तर ‘परकीय खूळ’ म्हणून नाक मुरडणारे वडीलधारेही आहेत. मला दोन्ही भूमिका अपुऱ्या वाटतात.

परकेपणाचा आक्षेप फार टिकत नाही. मिरची, टोमॅटो आणि मका ही तिन्ही मूळची अमेरिका खंडातील. मिरची पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आली आणि आज ठेच्यावाचून आपले पान हलत नाही. उलट कौतुक करणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावे की, मेक्सिकोत घरोघरी रोज खातात ती मऊ पोळी. खोक्यातल्या कडक कवचाचा प्रसार मुख्यतः अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत झाला. न्यूयॉर्कमधील हुवेन्सिओ माल्दोनादो या उपाहारगृहाच्या मालकाला अशी कवचे तळण्याच्या साधनाचे पेटंट १९५० साली मिळाले. म्हणजे ही मुख्यतः व्यापाराची सोय आहे, आणि सोय ही पारखूनच घ्यावी.

ती पारखायची कशी? खोके हलवून पाहावे. आत चुरा वाजला तर परत ठेवावे. तारीख पाहावी. घटकांत मका पहिला आहे ना, तेल व मीठ किती आहे, हे वाचावे. खोके उघडल्यावर खवट वास आला तर कवच वापरू नये. भरण्यापूर्वी ते मंद आचेवर तव्यावर दोन मिनिटे गरम करावे. आत पाणी सुटणारे काही आधी घालू नये. तळाशी कोरडी उसळ, वर कांदा-कोबी आणि शेवटी चटणी. आणि पानावर बसल्यावरच भरावे, कारण भरलेले कवच थोड्याच वेळात मऊ पडते. महागडा राजमा हवाच असे नाही. आपली बरबटीची उसळ, वांग्याचे भरीत किंवा कोरडा झुणका त्यात उत्तम बसतो.

येथवर आल्यावर पुढचा प्रश्न आपोआप उभा राहतो. आतले सारे आपले चालते, तर कवच मक्याचेच का? ज्वारीची भाकरी पातळ थापून मंद आचेवर वाळवली की ती कुरकुरीत होते. सोलापूरकडची कडक भाकरी प्रसिद्धच आहे आणि ती कित्येक दिवस टिकते. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिवटपणा नसतो, म्हणून पीठ उकळत्या पाण्यात भिजवावे, हवी तर थोडी कणीक मिसळावी, आणि भाकरी गरम असतानाच लाटण्यावर अलगद दुमडावी. पहिल्या दोन-चार मोडतील. त्या ठेच्याबरोबर खाव्यात.

मला ही केवळ पाककृती वाटत नाही. आपल्या जिल्ह्यात पूर्वी कपाशीच्या जोडीला ज्वारीचे शिवार असे. आज कापूस, सोयाबीन आणि तूर यांनीच शेत व्यापले आहे. पाखरे आणि रानडुकरे ज्वारी टिकू देत नाहीत, भावाची शाश्वती नाही, रेशनवर गहू-तांदूळ मिळतो. शेतकऱ्याला दोष कसा द्यावा? पण ज्वारी गेली तसा जनावरांचा कडबाही गेला. त्यात भर पडली ती आपल्या संकोचाची. खेड्यातून आलेला विद्यार्थी डब्यातली भाकरी झाकून खातो आणि खोक्यातले कवच मात्र सर्वांना दाखवून खातो. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे म्हणून साजरे केले, व्याख्याने झाली; पण तेवढ्याने डब्याचे झाकण उघडले असे मला दिसत नाही.

मेक्सिकोकडून घेण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. तेथील बाया मका चुन्याच्या पाण्यात शिजवून मग दळतात. त्यामुळे मक्यातील नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला लाभते. इटलीने आणि अमेरिकेच्या दक्षिण भागाने मका उचलला, ही रीत उचलली नाही, आणि तेथील गरिबांत पेलाग्रा हा रोग पसरला. आपल्या धान्याची अशी जाण आपल्या आज्यांपाशीही आहे. ती विचारून घेणारे कोणी तरी हवे.

म्हणून माझी एक साधी सूचना आहे. पुढील स्नेहसंमेलनाच्या आनंदमेळ्यात एक दुकान ज्वारीच्या टाकोचे असावे. गृहअर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनी मार्गदर्शन करावे, खेड्यातल्या मुलामुलींनी घरून पीठ व जवसाची चटणी आणावी, आणि शेजारीच खोक्यातल्या कवचांचेही दुकान असू द्यावे. दोन्हींची किंमत पाटीवर लिहावी. निवड खाणाऱ्यांनी करावी.