ओट्सची वडी: पौष्टिक किती, गोड किती?



आपल्याकडं ओट म्हणजे रब्बीत जनावरांसाठी केलेला हिरवा चारा. केंट, फुले हरिता ही वाणं दूधवाल्यांना माहीतच आहेत. याच पिकाचे दाणे सोलून, वाफवून, चपटे केले की दुकानातले ‘ओट्स’ होतात. आधीच वाफवलेले असल्यानं भट्टी न लावता त्यांची वडी थापता येते. बचत गटाच्या ताया ती ‘पौष्टिक बार’ म्हणून विकायला बघतात, चांगलंच आहे. पण माझं म्हणणं एवढंच, की ‘पौष्टिक’ हा शब्द हिशोब करून लावावा.

बघा, २०० ग्रॅम ओट्स, १०० ग्रॅम दाण्याचं कूट, १५० ग्रॅम गूळ. ३० ग्रॅमच्या १५ वड्या होतात. एका वडीत अंदाजे १३० कॅलरी, साडेतीन ग्रॅम प्रथिनं, २ ग्रॅम तंतू आणि १० ग्रॅम गूळ. म्हणजे वजनाचा तिसरा हिस्सा गूळच.

ओट्सचं नाव झालं ते बीटा-ग्लुकन या विरघळणाऱ्या तंतूमुळं. कोलेस्टेरॉलवर फरक पडायला तो रोज ३ ग्रॅम लागतो, म्हणजे साधारण ७५ ग्रॅम ओट्स. तेवढे वडीतून घ्यायचे तर पाच-सहा वड्या खाव्या लागतील, अन् सोबत ५५-६० ग्रॅम गूळ पोटात जाईल. जागतिक आरोग्य संघटना २,००० कॅलरीच्या आहारात वरची साखर दिवसाला ५० ग्रॅमच्या आत ठेवायला सांगते. गूळ, मध त्यातच धरायचे.

म्हणून वडी वाईट नाही. राबणाऱ्या माणसाला, शाळेतून आलेल्या पोराला एक वडी उत्तम. पण ती औषध नाही, अन् शुगरवाल्याला ‘खा बिनधास्त’ म्हणणं तर चूकच.

दुसरी गोष्ट, ओट्स विकतच आणायला हवेत असं कुठंय? ज्वारीच्या लाह्या, खमंग भाजलेलं नाचणीचं पीठ घ्या. नाचणीत १०० ग्रॅमला साधारण ३५० मिलीग्रॅम कॅल्शियम, ओट्समध्ये ५० च्या आसपास. पीठ कच्चं मात्र वापरू नका. आणि बीटा-ग्लुकनचा दावा ज्वारी-नाचणीला चिकटवू नका, ते ओट्सचं वैशिष्ट्य.

पाकिटावर गुळाचं वजन ठळक लिहा. खरं लिहिलेला माल एकदा नाही, दहादा विकला जातो. तुमच्या गटाचं प्रमाण काय आहे, सांगा मंडळी.