रिकामा वेळ कोणाचा?

वार्षिक पारितोषिक वितरण समारंभात एक शब्द हमखास कानी पडतो, ‘अष्टपैलू’. अमुक विद्यार्थ्याने ‘आविष्कार’ संशोधन स्पर्धेत प्रकल्प मांडला, तो वर्गप्रतिनिधी आहे, राष्ट्रीय सेवा योजनेत गटप्रमुख आहे, शिवाय तबलाही उत्तम वाजवतो, असे सांगितले जाते आणि टाळ्यांचा कडकडाट होतो. टाळ्या मीही वाजवते, कारण त्यामागची मेहनत खरी असते. परंतु एक प्रश्न कोणीच विचारीत नाही. एवढे सारे करायला लागणारा वेळ त्याला मिळतो कोठून?

‘इच्छा असली की वेळ काढता येतो’ हे आपले ठरलेले उत्तर. मला ते अपुरे वाटते. वेळ काढता येतो, पण त्यासाठी तो आधी स्वतःच्या मालकीचा असावा लागतो.

राष्ट्रीय सेवा योजनेचेच उदाहरण घ्या. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांत ही योजना सुरू झाली. स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास काम करावे आणि सात दिवसांचे एक विशेष शिबिर करावे, अशी तिची रचना. १२० तास तीस आठवड्यांत वाटले तर आठवड्याला अवघे चार तास. कोणालाही जमेल असा हिशेब! पण हे तास दुपारी तीननंतरचे असतील आणि गावाकडची शेवटची एस.टी. सहाला सुटत असेल, तर हिशेब बदलतो. एकांकिकेची तालीम तर रंगते तीच मुळी दिवेलागणीला. ज्याचे घर शहरात आहे तो थांबतो. जिला गाडी गाठायची आहे ती भूमिका सोडते. मग आपण पहिल्याला उत्साही म्हणतो आणि दुसरीला निरुत्साही.

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. कांद्याच्या लागणीत सुट्टीच्या दिवशी शेतावर जावे लागते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. आईच्या बचत गटाची वहीही मीच लिहिते. कोणाचा हप्ता आला, कोणाचा राहिला, बँकेत किती भरले, सारे त्यात असते. बैठकीत दोघींचा वाद झाला तर वही पुढे करून तो मिटवावा लागतो. याला नेतृत्व म्हणायचे नाही, तर कशाला म्हणायचे? पण त्याचे प्रमाणपत्र नसते, म्हणून ते अष्टपैलूपणाच्या यादीत बसत नाही.

प्रकल्पाचेही तसेच. विज्ञान फक्त प्रयोगशाळेत असते, असा आपला समज आहे. भूगोलाच्या प्रकल्पासाठी मी आमच्या शिवारातील चार विहिरींची पाणीपातळी हा विषय घेतला. दोरीला वजन बांधायचे, फुटाफुटावर मारलेल्या गाठी मोजायच्या आणि तारीख टाकून आकडा लिहायचा. शेतावर जाता-येता होणारे काम. ओढ्यालगतच्या विहिरीत पाणी टिकते आणि माळावरची लवकर आटते, हे गावात सर्वांना ठाऊक होते. फरक किती फुटांचा, हे मात्र कोणी लिहून ठेवले नव्हते. ज्याच्याकडे वेळ कमी आहे, त्याने आपल्या वाटेवरचा विषय घ्यावा, असे माझे मत आहे. तो विषय त्यामुळे हलका ठरत नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर सेवा योजना, खेळ, कला यांनाही श्रेयांक मिळू लागले आहेत. याचे मी स्वागत करते. ‘नाटकाने पोट भरते का?’ असे विचारणाऱ्या वडिलांना ‘याला मार्क आहेत’ हे उत्तर पटते. पण यात धोकाही आहे. केवळ मार्कांसाठी जोपासलेला छंद छंद राहत नाही, ती आणखी एक तासिका होते. डॉ. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली, ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने. अक्षर ओळखले जाऊ नये म्हणून ती पत्नीकडून लिहून घेतली. कथेला पहिले पारितोषिक मिळाले. पद्मभूषण मिळालेल्या शास्त्रज्ञाने आपले नाव बाजूला ठेवले आणि कथेची पारख कथा म्हणूनच होऊ दिली. आम्ही मात्र छंद सुरू करण्याआधी प्रमाणपत्राची चौकशी करतो!

म्हणून काही गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. तालमी, सभा आणि प्रकल्पांचे मार्गदर्शन यांसाठी आठवड्यातील एका दिवसाच्या शेवटच्या दोन तासिका वेळापत्रकातच राखून ठेवाव्यात, म्हणजे गाडीची मुलेही त्यांत येतील. सगळी पदे एकाच हुशार मुलाच्या गळ्यात न घालता चौघांत वाटावीत. त्यालाही अभ्यासाला श्वास मिळेल. आणि आपण विद्यार्थ्यांनी वर्षाला एक प्रकल्प, एक जबाबदारी आणि ज्याची फाईल कोणी मागणार नाही असा एक छंद, एवढेच घ्यावे. पण घेतलेले तडीस न्यावे.

अष्टपैलूंचा गौरव जरूर व्हावा. मात्र पुढच्या वर्षी नावांची यादी करताना, सहाच्या गाडीने निघून जाणाऱ्यांना गुरुजनांनी एकदा विचारावे, ‘घरी गेल्यावर तुम्ही काय काय करता?’ यादी बरीच लांबेल, याची मला खात्री आहे.