जुन्या कोल्टला पॉलिश नको

एकोणिसाव्या शतकातली अमेरिकन टोपीची रिव्हॉल्वर जमवणाऱ्यांत एक वाईट सवय आहे. जुने नग घासून, पॉलिश करून, नवी निळी झिलई चढवून ते ‘सुधारतात’. यात सर्वांत जास्त नुकसान होते ते खिशात मावणाऱ्या लहान रिव्हॉल्वरांचे. ती स्वस्त, संख्येने भरपूर, म्हणून त्यांच्यावर कोणीही हात साफ करून घेतो.

सॅम्युअल कोल्टच्या कारखान्याचे 1849चे पॉकेट मॉडेल घ्या. बोअर 0.31 इंचाचा, नळी तीन ते सहा इंचांची, सिलिंडरमध्ये पाच किंवा सहा घरे. प्रत्येक घरात पुढून दारू भरायची, वर शिशाची गोळी ठासायची आणि मागच्या पोकळ टोकावर तांब्याची टोपी बसवायची. टोपीत पाऱ्याचे फल्मिनेट. त्यावर घोडा आपटला की ठिणगी आतल्या दारूपर्यंत पोचते. 1873 पर्यंत हे मॉडेल तीन लाखांहून अधिक संख्येने बनले. सिनेमाने डोक्यावर घेतलेली ‘नेव्ही’ आणि ‘आर्मी’ या कोल्टच्या मोठ्या टोपीच्या रिव्हॉल्वरांपैकी एकही एवढ्या संख्येने कधीच बनले नाही. कॅलिफोर्नियात सोने शोधायला निघालेला माणूस, शहरातला दुकानदार, यादवी युद्धावर जाताना पदरचे पैसे खर्चून शस्त्र घेणारा सैनिक, यांच्याजवळ असायचे ते हे लहान रिव्हॉल्वर. त्या काळातला साधा अमेरिकन माणूस कशाला भीत होता, हे समजून घ्यायचे तर याच्याकडे पाहिले पाहिजे.

आणि त्याच्यावर वाचण्यासारखे खूप आहे. सिलिंडरवर घोडागाडी लुटण्याचा प्रसंग उमटवलेला असतो. त्याचा ठसा न्यूयॉर्कचा कोरक्या वॉटरमन ऑर्म्सबी याने तयार केला. नोटांच्या छपाईसाठी कोरीव काम करणारा हा माणूस. पोलादी रुळाने दाबून उमटवलेले ते चित्र फार उथळ असते. वापराने सर्वांत आधी तेच झिजते, आणि पॉलिशच्या चाकावर उरलेसुरले पुसले जाते. बहुतेक नगांच्या नळीवर कोल्टच्या नावासोबत न्यूयॉर्कचा पत्ता असतो, कारखाना मात्र कनेक्टिकटमधल्या हार्टफर्डला. त्या अक्षरांची मांडणी वर्षांगणिक बदलत गेली, त्यामुळे नगाचे वय ठरवायला ती उपयोगी पडते. पॉलिशने अक्षरांच्या कडा गेल्या की तो आधारही जातो.

सर्वांत मोलाचे आहेत ते क्रमांक. चौकट, नळी, चापाचे कडे, मुठीची पट्टी, सिलिंडर, अगदी नळी धरून ठेवणाऱ्या पाचरीवरसुद्धा एकच क्रमांक मारलेला असतो. 1851च्या लंडनच्या महाप्रदर्शनात कोल्टने आपला माल मांडला आणि यंत्रांनी केलेल्या अचूक कामाची ख्याती मिळवली. एका रिव्हॉल्वरचा भाग दुसऱ्याला बसतो, अशी त्या कामाची कीर्ती झाली. पण भाग खरोखर अदलाबदल होण्याजोगे असते, तर प्रत्येकावर क्रमांक मारायची गरज काय होती? यंत्रातून निघालेला भाग शेवटी कामगार कानशीने घासून त्याच्या जोडीदाराला बसवत होता, आणि जोड्या चुकू नयेत म्हणून ते आकडे होते. अमेरिकी कारखानदारीच्या सर्वांत गाजलेल्या दाव्याची तपासणी करायचा पुरावा असा तळहातावर ठेवता येतो. म्हणून दोन-तीन मोडक्या नगांचे भाग एकत्र करून एक ‘चांगले’ रिव्हॉल्वर उभे करणे, किंवा बेजोड क्रमांक घासून त्यावर नवा ठोकणे, याला मी दुरुस्ती म्हणणार नाही. तो पुराव्याचा नाश आहे. 1864च्या फेब्रुवारीत हार्टफर्डच्या कारखान्याला मोठी आग लागली आणि आधीच्या बऱ्याच नोंदी नष्ट झाल्या. ज्या नगाची नोंद उरली नाही, त्याच्यापुरते ते धातूवरचे आकडेच दप्तर.

हे सगळे होते ते पैशासाठी. मूळ झिलई शाबूत असलेल्या नगाला झिजलेल्या नगाच्या कित्येक पट भाव येतो, मग झिलई बनावट केली जाते. तिच्या जोडीला कहाण्या येतात. तीन इंची नळीच्या, गोळी ठासायचा दांडा नसलेल्या नगांना ‘वेल्स फार्गो’ म्हणतात. हे नाव कारखान्याने दिलेले नाही, संग्राहकांनी मागाहून चिकटवले. तरी त्या नावावर किंमत चढते. एखाद्या नामांकित दरोडेखोराचे म्हणून विकल्या जाणाऱ्या नगामागे त्या काळातला कागद नसेल, तर त्या कहाणीसाठी एक डॉलरही जास्त मोजू नये.

माझ्या मते, झिजलेला पण सगळे क्रमांक जुळणारा, कोणी हात न लावलेला साधा नग हा नव्याने चकाकवलेल्या नगापेक्षा श्रेष्ठ आहे. संग्रहालयांनी आणि लिलावघरांनीही आपल्या यादीत प्रत्येक भागावरचा क्रमांक छापावा.

असे रिव्हॉल्वर हाती आले, तर आधी जाणकाराकडून ते रिकामे असल्याची खात्री करून घ्या. दीडशे वर्षांपूर्वी भरलेली दारू अजून आत असू शकते. मग तेलाचा हलका हात फिरवून गंज थांबवा, सगळे आकडे आणि अक्षरे कागदावर उतरवून घ्या, आणि विकायची वेळ आली तर तो कागद रिव्हॉल्वरसोबत द्या. कानशीला आणि पॉलिशच्या चाकाला त्याच्याजवळ येऊ देऊ नका.