आचारी, आचार्य आणि आम्ही

२०२५ च्या गणेशोत्सवानंतर येथील आमच्या मंडळाने सभासदांच्या हाती जे हिशेबपत्रक दिले, त्यात 'आचार्यांची बिदागी' अशा नावाखाली बऱ्यापैकी रक्कम खर्ची पडलेली दिसली. कोलकात्यास येऊन गेलेले हे विद्वान कोण, त्यांचे व्याख्यान झाले कधी, आणि आम्हांला त्याची वर्दी कशी नाही, या विचाराने आम्ही काही वेळ व्यथित झालो. मागाहून उलगडा झाला की, ही रक्कम महाप्रसाद रांधणाऱ्या दोन आचाऱ्यांना दिलेली होती. पत्रक तयार करणाऱ्या सभासदाला यंत्रावर 'ऱ्य' उमटविता येईना, म्हणून त्याने आचाऱ्यांना आचार्यपदी बसविले होते. त्याच पत्रकात 'दुसर्या' दिवशीचा फराळ होता आणि बाहेरून 'येणार्या' पाहुण्यांचा चहाही होता. कोणी हरकत घेतली नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा याच मंडळाने पेढे वाटले होते. खोटे कशाला सांगा, आम्हीही दोन उचलले होते.

परंतु केवळ हसून सोडून द्यावी अशी ही गोष्ट नव्हे. पुढील बैठकीत आम्ही हा विषय काढला, तेव्हा कार्यवाहांनी निर्वाळा दिला की, ते अक्षर कॉम्प्युटरमध्ये नसतेच. दहाबारा माना डोलल्या. त्या मानांमध्ये लेखापरीक्षणातले अधिकारी होते, रेल्वेतले होते, करखात्यातले होते. आणि एक गृहस्थ असे होते की, हे अक्षर कसे उमटवावे हे त्यांना कित्येक वर्षांपासून ठाऊक होते. आम्हांला हे चार महिन्यांनी कळले. त्या दिवशी आपण बोलला का नाहीत, असे विचारता ते अगदी शांतपणे म्हणाले, "मला कुठे कोणी विचारलं?"

आमचे भांडण आहे ते या उत्तराशी.

सरकारी कचेरीत ज्याने दहा वर्षे काढली आहेत त्याला हे उत्तर नवे नाही. प्रत्येक सेक्शनमध्ये एक जुने असिस्टंट असतात. प्रवासभत्त्याचे कोणते बिल कोणत्या शब्दांत मांडले म्हणजे हरकतीवाचून मंजूर होते, कोणत्या नोटिंगला कोणता जुना दाखला जोडावा, हे सारे त्यांच्या खणातील एका वहीत असते. आणि ते सेवानिवृत्त झाले की हारतुऱ्यांबरोबर ती वहीही घरी जाते. ही झाली सांगण्याची कृपणता. तिची जुळी बहीण म्हणजे विचारण्याची लाज. आम्ही पदवीधर, स्पर्धापरीक्षा उत्तीर्ण झालेले, चारचौघांत 'साहेब' म्हणवून घेणारे; आम्हांला एवढेही येत नाही असे शेजारच्या टेबलाला कसे कळू द्यावयाचे? मग जाणता सांगत नाही, अजाण विचारत नाही, आणि दोघेही मिळून मराठीच्या भवितव्याविषयी ठराव करतात. हा रोग केवळ मराठी माणसाचा आहे असे आम्ही म्हणत नाही. आपल्या घरचा तो अधिक जवळून दिसतो, इतकेच.

आता आमचे स्वतःचे वर्तन सांगणे प्राप्त आहे.

आमच्या घरी २०१६ साली घेतलेला एक लॅपटॉप आहे. विंडोज १० ची नेहमीची देखभाल मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविली, आणि विंडोज ११ ज्या यंत्रांना चालते त्यांच्या यादीत आमच्या यंत्राचा प्रोसेसर बसत नव्हता. यंत्र धडधाकट होते. त्याचे निवृत्तीचे वय झाले, असे कंपनीने परस्पर ठरविले होते. आमच्या कचेरीच्या कँटीनमध्ये दर शनिवारी दुपारी तीनचार मंडळी चहावर बसतात. त्यांतील एक बंगाली गृहस्थ आमच्याहून पंधरा वर्षांनी मोठे. येथील रीतीप्रमाणे आम्ही त्यांना दादा म्हणतो. ते म्हणाले, नवे यंत्र घेऊ नका, डेबियन घाला. लिनक्सवर चालते, पैसे पडत नाहीत. आम्ही घरी जाऊन घातले आणि पहिल्याच संध्याकाळी अडलो. यंत्रात नवे काही बसवू लागलो की ते आम्हांला सांगे, अधिकार दिलेल्यांच्या यादीत तुमचे नाव नाही. आयुष्यभर इतरांना हेच वाक्य ऐकविणाऱ्या माणसाला ते स्वतःच्या घरात, स्वतःच्या यंत्राकडून ऐकावे लागले.

शनिवारी दादांना विचारले. ते हसले नाहीत. त्यांनी विचारले, बसविताना सर्वाधिकारी खात्यासाठी वेगळा परवलीचा शब्द दिला होता काय? दिला होता. मग बरोबर आहे, ते म्हणाले. ती जागा कोरी ठेवली असती तर पहिल्या वापरकर्त्याला म्हणजे तुम्हांलाच तो अधिकार मिळाला असता. आता सर्वाधिकारी म्हणून आत जा आणि 'सुडो' नावाच्या गटात आपले नाव घाला. आम्ही घातले, तरी यंत्र नाहीच म्हणे! पुन्हा शनिवार. तेव्हा कळले की, गटात नाव गेले तरी एकदा बाहेर पडून पुन्हा आत आल्यावाचून तो अधिकार लागू होत नाही. बदलीचा हुकूम हाती पडला तरी रुजू झाल्याखेरीज नव्या जागेचा पगार निघत नाही, तसेच हे! आम्हा कारकुनांना याहून सोपे उदाहरण कोणते? पण हे उदाहरण आम्हांला आमच्या बुद्धीने सुचले नाही. दोन शनिवार, दोन कप चहा आणि एका माणसाची सहनशीलता एवढे त्यासाठी खर्ची पडले.

येथे काही जाणकार म्हणतील की, हे सर्व लिहिलेले असते, लोक वाचत नाहीत. हा पक्ष जुना आहे आणि लिनक्सच्या जगात त्याचा दरारा मोठा आहे. विचारणाऱ्याच्या तोंडावर 'आधी पोथी वाचा' असे फेकले की, आपण ज्ञानी आणि तो आळशी हे एकाच वेळी सिद्ध होते. त्यांचे अर्धे म्हणणे खरे आहे. परवलीच्या शब्दाची ती अट बसविण्याच्या पडद्यावर ठळक छापलेली असते. आम्ही ती वाचलीही होती. परंतु वाचताना तिचा आमच्याशी काय संबंध हे कळावयास आधी अडावे लागते, आणि अडल्यावर पोथीचे कोणते पान उघडावे हे सांगावयास दुसरा माणूस लागतो. ज्ञानेश्वरी घरोघर असूनही प्रवचनाला माणसे जातात, ती काय अक्षरशत्रू असतात म्हणून?

आणि या पंडितांनी आपल्याच प्रणालीची जन्मकथा आठवावी. २५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकीतील लिनुस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने मिनिक्स नावाची प्रणाली वापरणाऱ्या इतरांना कळविले की, आपण हौसेखातर एक प्रणाली करीत आहोत. आणि त्याच पत्रात त्याने विचारले की, मिनिक्समधले तुम्हांला काय आवडते आणि काय आवडत नाही. म्हणजे लिनक्स जगापुढे प्रथम आले ते एक प्रश्न घेऊन, आणि तोही बरोबरीच्या वापरकर्त्यांना विचारलेला! १९९२ साली त्याने ते जीपीएल या परवान्याखाली आणले. त्या परवान्याचे सार असे की, आज्ञावलीत बदल करून तुम्ही ती दुसऱ्याला दिलीत, तर तिचे मूळ लिखाणही त्याला खुले ठेवले पाहिजे. आज्ञावली बांधली गेली. माणूस मात्र बांधला गेला नाही. ती कशी चालवावी हे ज्याला कळले त्याने ते खणात ठेवले, तर त्यावर कोणताही परवाना इलाज करीत नाही.

ऱ्य चा उलगडाही त्या कँटीनमध्येच झाला, आणि तो प्रकार आम्हांला फार बोधप्रद वाटला. दादांना मराठीचे अक्षरही येत नाही. आम्ही कागदावर 'आचार्य' आणि 'आचाऱ्याला' हे दोन शब्द लिहून दाखविले आणि सांगितले की, आमच्याकडे र ला य जोडण्याच्या दोन तऱ्हा आहेत. एकीत र डोक्यावर चढतो, दुसरीत तो आपल्या जागीच वाकड्या रेघेसारखा राहतो, आणि अर्थ पालटतो. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या. दादांनी कागद ओढून घेतला आणि बंगालीत दोन शब्द लिहिले. एक 'सूर्य', ज्यात त्यांचाही र डोक्यावर चढतो. आणि दुसरा 'रॅशन', ज्यात त्यांना र जागीच ठेवून त्याला य ची खूण जोडावी लागते. यंत्राला हा भेद कळावा म्हणून बंगालीत मध्ये एक न दिसणारे जोडचिन्ह घालावे लागते, असे ते म्हणाले. तुमच्यासाठीही काही तरी व्यवस्था असलीच पाहिजे. मग आम्ही दोघांनी युनिकोडचा नागरी तक्ता उघडला. तेथे र च्या शेजारीच ऱ हे निराळे अक्षर बसलेले होते आणि खाली टीप होती: दाक्षिणात्य भाषांतील र लिहिण्यासाठी हे अक्षर, आणि याचे अर्धे रूप म्हणजेच ती वाकडी रेघ!

यात कोणी कोणाला शिकविले? दादांना उत्तर ठाऊक नव्हते, आम्हांला ते कोठे शोधावे हे ठाऊक नव्हते. आमचा प्रश्न त्यांच्या रॅशनशी जाऊन भिडला आणि उत्तर निघाले. ज्याला उत्तर येते त्यानेच शिकवावे, इतरांनी गप्प बसावे, हा कचेरीचा नियम येथे लावला असता तर आमचे आचारी आजही आचार्यच राहिले असते.

हे झाले आमच्या शहाणपणाचे. आता मूर्खपणाचे. त्यानंतर महिन्याभराने, नुकताच नोकरीस लागून येथे आलेला विदर्भातील एक मुलगा आमच्याकडे आला. त्याचेही यंत्र जुने होते. "सर, रविवारी याल का? मी डेबियन घालताना नुसते शेजारी बसा," असे तो म्हणाला. रविवारी आम्हांला काहीही काम नव्हते. तरीही आम्ही म्हणालो, "अरे, वाचून कर. अवघड नाही. मीही वाचूनच केलं." हे वाक्य आमच्या तोंडून कसे गेले ते आम्हांला आजही सांगता येत नाही. दोन शनिवारांच्या चहाने मिळालेले ज्ञान एकदम आमचे खाजगी उत्पन्न झाले होते.

त्याने वाचून केले. चकतीचे भाग कसे पाडावयाचे असे यंत्राने विचारले, तेव्हा यादीतील पहिलाच पर्याय त्याने स्वीकारला. तो पर्याय म्हणजे संपूर्ण चकती नव्याने वापरा. त्या चकतीवर त्याच्या वडिलांची छायाचित्रे होती. वडील २०२१ मध्ये गेले. दुसरीकडे प्रत नव्हती. सोमवारी तो आमच्या टेबलाशी आला, म्हणाला, "सर, मी पहिल्यावरच एंटर दाबलं," आणि परत गेला. त्याने आम्हांला दोष दिला असता तर बरे झाले असते. दादांनी फोटोरेक नावाची आज्ञावली लावून दोन शनिवार खटपट केली. काही छायाचित्रे परत मिळाली, परंतु त्यांची नावे गेली. बाकीची मिळालीच नाहीत. प्रत घेऊन ठेव, एवढे दोन शब्द रविवारी शेजारी बसून आम्ही बोललो असतो!

तेव्हा, 'मला कुठे कोणी विचारलं?' असे म्हणणाऱ्या त्या गृहस्थांवर दगड उचलताना आमचा हात कचरतो. पण त्यांना निदान कोणी विचारले नव्हते. आम्हांला तर विचारले होते.

यावर आमचे स्नेही म्हणतात, हे सरकारने पाहावे, प्रशिक्षणवर्ग काढावेत. सरकारचे म्हणाल तर २०१५ साली मुक्त आज्ञावली स्वीकारण्याचे धोरण केंद्र सरकारने जाहीर केले. तीत निविदा मागविताना मुक्त आज्ञावलीचा विचार करणे आणि ती वगळल्यास कारण देणे अपेक्षित आहे. सीडॅकने डेबियनच्याच पायावर बॉस नावाची भारतीय प्रणाली काढली. केरळच्या सरकारी शाळांत मुले लिनक्सवरच शिकतात, आणि तेथे शिक्षकांनी शिक्षकांना तयार केले. धोरण आहे, प्रणाली आहे, वर्गही कोठे कोठे निघतात. परंतु रविवारी त्या मुलाच्या शेजारी कोणी बसावयाचे हे कोणते परिपत्रक ठरविणार? दुसरे स्नेही म्हणतात, फुकटाची वस्तू फुकटाच्या योग्यतेची. त्यांनी आमच्या दादांच्या चार शनिवारांची किंमत काढून दाखवावी. आम्ही बिल मंजूर करून घेऊ.

आमच्यापुरते सांगावयाचे तर मंडळाच्या वाचनालयात दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आम्ही दुपारी बसतो. तो मुलगाही येतो, आणि चकतीच्या भागांविषयी आता तोच सांगतो. ज्या वाचकांचे कोलकात्यास येणे होणार नाही त्यांच्यासाठी ऱ्य ची कृती येथेच देऊन ठेवतो. कीबोर्डची मांडणी इनस्क्रिप्ट निवडावी. १९९१ सालच्या भारतीय मानकात ती आहे, म्हणजे हे अक्षर तेव्हापासून आपल्या दाराशी बसले आहे. शिफ्ट धरून इंग्रजी जे ची कळ दाबली की ऱ उमटतो. मग डी ची कळ दाबावी, तो हलन्त. मग उजव्या शिफ्टशेजारची तिरप्या रेघेची कळ, तो य. पुढे ई ची कळ म्हणजे काना, एक्स ची कळ म्हणजे अनुस्वार. आणि व्ही व पुन्हा ई दाबले की 'ना'. आरंभी 'आचा' लिहिलेले असेल, तर पडद्यावर 'आचाऱ्यांना' असे दिसेल.