कपाटाची किल्ली



गेल्या महिन्यात आपल्या मंडळीच्या पंचकमिटीत विषय निघाला: तरुण संघाच्या सभेला हल्ली चार-पाच टाळकी येतात, तेव्हा संघ बंद करावा आणि त्याची शिल्लक चर्चच्या रंगकामाला घालावी. कोणी विरोध केला नाही. मीही नाही, बशीत चहा ओतून पीत बसलो होतो. घरी आल्यावर मात्र झोप लागेना. ठराव अजून मंजूर झालेला नाही. तो होऊ देऊ नका, एवढंच सांगायला हे लिहितो आहे.

त्या रात्री संघाचं हजेरीपुस्तक काढलं. निळी कापडी बांधणी, कोपरे वाळवीने खाल्लेले. आमच्या वेळच्या पानांवर नावं मावत नव्हती, नाताळाच्या महिन्यात तर समासातही लिहिलेली. शेवटच्या पानांवर नावांपुढे शेरे आहेत: ‘पुणे’, ‘चाकण’, ‘नर्सिंग, मुंबई’, ‘रांजणगाव, रात्रपाळी’. पोरांचा विश्वास उडालेला नाही हो, ती पोटामागे गेली आहेत. सुट्टीला घरी येतात तीही शनिवारी संध्याकाळी. आणि आपण सभा ठेवतो रविवारी दुपारी चारला, जेव्हा त्यांना परतीची एसटी पकडायची असते. वर म्हणतो, तरुणांना प्रभूच्या कामाची ओढ नाही!

कोणी म्हणतं, संघाला नवं व्हिजन द्या. दोन वर्षांपूर्वी दिलं होतं की. बाहेरून वक्ते आणले, फ्लेक्स लावला. त्यावर डोंगर, उगवता सूर्य आणि हात पसरून उभा असलेला कुठला तरी गोरा मुलगा. तो फ्लेक्स सध्या एकाच्या कांद्याच्या चाळीवर आहे, तिथे निदान पाऊस तरी अडवतो. ते व्हिजन ज्या बैठकीत ठरलं, तिथे पंचविशीच्या आतलं एकही माणूस नव्हतं.

याउलट, 1844 साली लंडनमध्ये वायएमसीए ही ख्रिस्ती तरुणांची संघटना सुरू केली ती जॉर्ज विल्यम्सने. वय 22, कापडाच्या दुकानात नोकरी. आपल्यासारख्याच राबणाऱ्या पोरांना त्याने प्रार्थनेला आणि बायबल वाचायला जमवलं. 1881 मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंडला फ्रान्सिस क्लार्क या पाळकाने ख्रिश्चन एंडेव्हर ही तरुणांची संघटना काढली. तिचा एक नियम मला फार आवडतो: सभेला आलेल्या प्रत्येक सभासदाने काही ना काही भाग घ्यायचाच, मग ते एक वचन वाचणं का असेना. नुसतं बसून ऐकायचं नाही. क्लार्क काँग्रिगेशनल पाळक, आणि आपल्या नगरला आलेले अमेरिकन मिशनरीही बहुतेक त्याच परंपरेतले. आपण मात्र आपल्या पोरांकडे सतरंज्या घालणं आणि नाताळचे तारे टांगणं, एवढंच ठेवलं.

म्हणून माझं मागणं साधं आहे. सभा शनिवारी रात्री आठला घ्या. जे पुण्याला आहेत त्यांना फोनवर जोडून घ्या. पुढच्या तीन वर्षांत संघाने काय करायचं ते त्यांनाच ठरवू द्या: बाहेरगावी नव्याने गेलेल्या मुलाला खोली शोधून देणं, दहावीच्या पोरांचा अभ्यास घेणं, काहीही. चुकतील. आम्ही कमी चुकलो का? पंचकमिटीत त्यांच्यातल्या दोघांना बसवा, एक मुलगी हवीच. शिल्लक त्यांच्या हाती द्या, हिशेब दर तिमाहीला मागा. चर्चचा रंग एक पावसाळा थांबेल.

भजनांचंही त्यांच्यावर सोपवा. कृष्णराव सांगळे, ना. वा. टिळक या भजनकारांनी कीर्तन-भजन उपासनेत रुजवलं, तेव्हाही ते सगळ्यांना रुचलं असेल असं नाही. आज पोरांना गिटार हवी असेल तर असू द्या. पण पेटी आणि तबलाही त्यांना मिळायला हवा, आणि इथे मला कबुली द्यायची आहे. वाद्यं ज्या कपाटात आहेत त्याची किल्ली गेली नऊ वर्षं माझ्याकडे आहे. मुलं दोनदा मागायला आली होती. ‘स्वर बिघडवाल’ म्हणून मी परत पाठवलं. तिसऱ्यांदा ती आली नाहीत.

येत्या शनिवारी रात्री आठला चर्चच्या मागच्या खोलीत जमू. ज्यांची मुलं त्या दिवशी घरी असतील त्यांनी ती घेऊन या. नसतील त्यांनी त्यांचे नंबर आणा. मी हजेरीपुस्तक आणतो. किल्लीही.